दुःखाच्या घरात

मामा गेल्यावर घरी सांत्वनाची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, झाली, त्यात आत्या हसली. पदराआड, हळूच वगैरे नाही. चांगली खळखळून.

कोल्हापुरात शाहूपुरीत जयंती नाल्याच्या अंगाला त्यांचं घर. त्या दोन खोल्यांत आम्ही मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, गल्लीतली, उद्यमनगरातली माणसं मांडीला मांडी लावून बसलो होतो. उपासना संगीताची पुस्तकं तिघांत एक अशी वाटलेली, कोपऱ्यात मामांचा फोटो, फोटोपुढं मेणबत्ती आणि निशिगंधाचा तो वास, जो मला आता कुठंही आला तरी प्रेतक्रियाच आठवते. आमच्याकडं आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात, तर हे ते मामा. गीतं झाली, पाळकसाहेबांचं वचन झालं आणि मंडळीतले एक ज्येष्ठ वडील, म्हणजे एल्डर, शेवटच्या प्रार्थनेला उभे राहिले. त्यांची प्रार्थना लांबते हे सगळ्यांना माहीत. त्यामुळं डोळे मिटून, मान खाली घालून आम्ही सगळे जरा सैलावूनच बसलो होतो. वडील म्हणाले, "हे स्वर्गीय बापा, हा तुझा दास अत्यंत शांत स्वभावाचा होता. आयुष्यात त्यानं कधी कुणाला वाकडा शब्द ऐकवला नाही." यावर खोलीत जी शांतता पसरली ती भक्तीची नव्हती. मामा म्हणजे उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. मशीनच्या आवाजावर मात करून बोलायची सवय, आणि बोलणं म्हणजे भांडणच. रिक्षावाल्यावर चिडायचे, कुकरच्या शिट्टीवर चिडायचे, पेपरातलं शब्दकोडं सुटलं नाही तर कोडं रचणाऱ्याच्या घराण्यावर घसरायचे. ते घरी आले की नाही हे आत्याला दार उघडून बघावं लागायचं नाही, कोपऱ्यावरूनच कळायचं. त्या शांततेत कुणाच्या तरी नाकातून फुस्स आवाज झाला. आणि मग आत्याचा बांध फुटला. तिच्या मागोमाग तिचा मुलगा, मग मी, मग जवळजवळ सगळी खोली. वडिलांनी आमेन कसाबसा उरकला.

चहा झाल्यावर दारात चपला शोधता शोधता सांगलीकडच्या लांबच्या नात्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, "दुःखाच्या घरात हे काय बरं दिसतं का?" मी काही बोलले नाही. पण ते वाक्य चपलेत खडा जावा तसं राहिलं.

त्यात भर म्हणजे त्याच आठवड्यात आत्याला भेटायला येणाऱ्यांत दुसरीही एक जात होती. ती माणसं आत्याला रडू देत नव्हती. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं रे आलं की, "ताई, आपण विश्वासातली माणसं, आपण रडायचं नसतं, ते प्रभूजवळ गेलेत, आनंद करा." एक जण तर बायबलातल्या करिंथकरांस पत्राचा एक अध्याय तोंडपाठ म्हणून गेले. सगळा. आत्या मान हलवत होती आणि मला दिसत होतं की तिला फक्त आत जाऊन जरा आडवं व्हायचंय. म्हणजे हसली तर बरं दिसत नाही, रडली तर विश्वास कमी पडतो. नवऱ्याला माती देऊन आलेल्या बाईनं नेमका चेहरा करायचा तरी कसला?

खरं सांगायचं तर मला पहिल्यापेक्षा या दुसऱ्या जातीचा राग जास्त येतो. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन आमच्या घरोघरी भिंतीवर टांगलेलं असतं, कॅलेंडरवर असतं, हल्ली सकाळी सकाळी फुलांच्या चित्रासकट मोबाईलवरही येतं. पण ते कुणी आणि कुठून लिहिलं हे विसरून चालत नाही. ते लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बेड्यांत होता. आणि ज्यांना लिहीत होता ती फिलिप्पै गावची माणसं. त्याच गावात पूर्वी त्याला आणि सीलाला भर चौकात छड्यांनी फोडून काढलं होतं, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं, आणि मध्यरात्री ते दोघं तिथं गाणी म्हणत बसले होते. बाकीचे कैदी ऐकत होते, असं प्रेषितांची कृत्ये मध्ये मुद्दाम नमूद केलंय. त्या तुरुंगाचा अधिकारीच पुढं त्या मंडळीत आला. म्हणजे हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा कदाचित त्या पाठीवरचे वळ आपल्या हातानं धुतलेला माणूसही तिथं बसला असेल. अशा माणसानं अशा माणसांना "आनंद करा" म्हणणं वेगळं, आणि पोटभर जेवून, बीपीची गोळी घेऊन, गाडी लावून आलेल्या माणसानं नुकत्याच विधवा झालेल्या बाईला म्हणणं वेगळं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले होते. तेवढे सात दिवस ते शहाणे होते. घोटाळा झाला तो तोंड उघडल्यावर.

ज्याचं दुखतंय त्यानं हसावं. बाकीच्यांनी त्याच्या मागून. मला वाटतं, एवढाच नियम आहे, आणि तो मी मामांकडूनच शिकले, 2019च्या ऑगस्टात.

त्या महापुराबद्दल कोल्हापूरकराला मी काय सांगायचं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 43 फुटांची धोक्याची खूण ओलांडून वर निघाली तरी मामा ढिम्म. 2005 ला पाणी पायरीपाशी येऊन परत गेलं होतं, त्यामुळं पंचगंगेचा आणि आपला काही करार झालाय असाच त्यांचा समज. 2019 ला मात्र पाणी पायरी चढलं, उंबरा चढलं, पलंगाच्या खाली गेलं आणि गादीला लागलं. मग गल्लीत बोट आली. ही कथा आत्याच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलीय की मी त्या बोटीत नव्हते हे आता मलाच खरं वाटत नाही. कमरेएवढं गढूळ पाणी, त्यावर कुणाची तरी प्लॅस्टिकची बादली, एक उशी, देवळातल्या तेलाचा रिकामा डबा असं काय काय तरंगतंय. आत्या बोटीत बसली. केशरी जॅकेटमधला पोरगा मामांना हात देतोय. आणि मामा म्हणतात, "थांब गा दोन मिनटं, कुलूप लावतो." आत कमरेएवढं पाणी, बाहेर कमरेएवढं पाणी, आणि हा माणूस मधल्या दाराला कडी घालून कुलूप लावतोय. लावलं. मग नेहमीच्या सवयीनं तीनदा ओढून बघितलं. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, खिसा दाबून बघितला. आत्या बोटीतून ओरडली, "आवो, चोर काय पोहत यायचाय व्हय?" मामांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "पोहणारा चोर नसतोय का?" मागची खिडकी सताड उघडी राहिली होती, हे दोघांनाही चार दिवसांनी आठवलं.

शाळेच्या हॉलमधल्या छावणीत मी रोज जात होते. भडंग, बिस्किटं, कोरडे कपडे, जे मिळेल ते घेऊन. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, शहरात पेट्रोलला रांगा, दूध नाही, वर हेलिकॉप्टरचा आवाज. हॉलमध्ये ओल्या माणसांचा, ओल्या सतरंज्यांचा आणि खिचडीचा मिळून एक वास होता. एका संध्याकाळी मंडळीतली पाच-सहा कुटुंबं एका कोपऱ्यात जमली आणि तरुण पाळकसाहेबांनी स्तोत्र 69 उघडलं. मुद्दाम काढलं की त्या दिवसाच्या वाचनात आलं, मी कधी विचारलं नाही. त्याची सुरुवातच अशी, की देवा मला तार, पाणी माझ्या गळ्याशी आलं आहे. पाळकसाहेबांचा आवाज जरा कापला. तेवढ्यात मामा मागून म्हणाले, "गळ्यापर्यंत न्हाई सायेब, कमरेपर्यंतच आलंय." पाळकसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी पुढचं वचन वाचायला घेतलं, तर त्यात मी चिखलात रुतलोय, पाय ठेवायला जागा नाही. मग तर कुणालाच आवरेना. तान्हं पोर मांडीवर घेतलेली एक सून, जिचा संसार सगळा खालच्या मजल्यावर होता, ती हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता परत हसायला. स्तोत्र मग पूर्ण वाचलं गेलं, शेवटपर्यंत. इतकं लक्ष देऊन ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दाविदानं किंवा ज्यानं कुणी ते लिहिलं त्यानं कधीतरी असा चिखल बघितलेला असणार, याची मला तेव्हा खात्री पटली.

पण आमच्या शेजारच्या सतरंजीवर एक कुंभार बसला होता. गणपती महिन्याभरावर आलेले आणि त्याच्या मूर्ती पाण्यात. वर्षाची कमाई. तो हसला नाही. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही, समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. मामांचं तिकडं लक्ष गेलं आणि त्यांचं हसू थांबलं. ते उठले, त्याच्या सतरंजीवर जाऊन बसले. तंबाखूची डबी पुढं केली. दोघं काही बोलले नाहीत. वाकडा शब्द सोडाच, एकही शब्द नाही. आयुष्यात मी मामांना एवढा वेळ गप्प बसलेलं तेवढंच बघितलं. त्या ज्येष्ठ वडिलांची प्रार्थना निदान त्या अर्ध्या तासापुरती खरी होती म्हणायची.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ निघाला. त्याचा वास फिनेलनं जात नाही, उदबत्तीनं जात नाही, तो स्वतःच्या मर्जीनं जातो. पवित्र शास्त्राची जाडजूड प्रत आत्यानं पानं सोडवून दोरीवर वाळत टाकली होती, चिमटे लावून, एका बाजूला मामांचे पायजमे आणि दुसऱ्या बाजूला पंचग्रंथ. 2021 ला पाणी पुन्हा आलं. तेव्हा मामांनी आधीच खिडकी लावली. कुलूप अर्थातच लावलं.

सांगलीच्या बाईंचं वाक्य मनात ठेवून मी त्या दिवसांत बायबलातल्या उत्पत्तीचा अठरावा अध्याय परत वाचला. सारेची गोष्ट आम्हाला लहानपणापासून माहीत, पण लहानपणी ती चमत्काराची म्हणून सांगतात, त्यातली गंमत कुणी सांगत नाही. भर दुपारी तीन पाहुणे येतात. म्हातारा अब्राहाम पळापळ करतो, भाकरीला सांगतो, वासरू कापायला लावतो. जेवता जेवता पाहुणे म्हणतात, पुढच्या वर्षी तुझ्या बायकोला मुलगा होईल. सारा तंबूच्या दाराआड उभी राहून ऐकत असते. आपल्याकडं माजघराच्या दाराआड बायका उभ्या राहून ओटीवरचं ऐकायच्या तसं. आणि ती मनात हसते. ते हसू काही आनंदाचं नाही. जन्मभर कूस रिकामी म्हणून टोमणे ऐकलेल्या, सगळी आशा घडी करून ट्रंकेत टाकलेल्या बाईचं ते हसू आहे: आता? या वयात? परमेश्वर अब्राहामाला विचारतो, सारा का हसली? ती घाबरून म्हणते, मी नाही हसले. आणि परमेश्वर म्हणतो, नाही, तू हसलीस.

एवढंच. प्रसंग तिथं संपतो.

शिक्षा नाही, प्रवचन नाही, दुःखाच्या घरात हे बरं दिसतं का नाही. फक्त, तू हसलीस, ते मला माहीत आहे. पुढं मुलगा झाल्यावर ती म्हणते, देवानं मला हसवलं, आता जो ऐकेल तो माझ्याबरोबर हसेल. पण मला ते दुसरं, गोड हसू पहिल्याइतकं आवडत नाही. पहिलं जास्त खरं आहे. देवासमोर कडू हसू हसता येतं आणि तरी नातं तुटत नाही, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. पेत्राची गोष्टही अशीच. मार्काची आई मरीया, तिच्या घरी सगळे जमून त्याच्यासाठी कळकळीनं प्रार्थना करतायत, तो तुरुंगातून सुटून त्याच दारावर येऊन थाप मारतो, तर रुदा नावाची पोरगी आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत पळते. आणि आतले लोक म्हणतात, तुला वेड लागलंय. प्रार्थना चालू, उत्तर दारात ताटकळत उभं. आमच्या मंडळीच्या कित्येक बैठका मी अशा पाहिल्यात.

मराठी ख्रिस्ती माणसाला हे शिकायला खरं तर इतक्या लांब जायला नको. लक्ष्मीबाई टिळक आहेत. सोवळ्याचं टोक गाठलेल्या वडिलांच्या घरातली मुलगी, शाळा नाही, लहानपणीच लग्न, आणि नवरा, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली बाप्तिस्मा घेऊन मोकळा. त्या काळात एका ब्राह्मण बाईवर कोसळू शकेल तेवढं सगळं कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही कुणाच्या मागून नव्हे, आपल्या विचारानं. आणि हे सगळं म्हातारपणी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगताना त्या हसतात. वडिलांना हसतात, टिळकांच्या वेंधळेपणाला हसतात, सगळ्यांत जास्त स्वतःला. दुःख लपवून हसत नाहीत. एखाद्या पानावर डोळे भरून येतात आणि पान उलटायच्या आत हसू येतं, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की आपण नक्की कशासाठी नाक पुसतोय. माझी आजी त्यांचे प्रसंग इतके सहज सांगायची की लहानपणी मला त्या आमच्याच नात्यातल्या कुणी वाटायच्या.

मामा गेले त्यानंतरच्या ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात गेलो. दरवर्षीच जातो. अंधारात मेणबत्त्या, झेंडूच्या पाकळ्या, ओल्या गवतात भिजणारे साड्यांचे काठ, कुठंतरी कोंबडा. युरोपात मध्ययुगात, जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखात, ईस्टरच्या दिवशी धर्मगुरू प्रवचनात मुद्दाम विनोद सांगायचे म्हणे, मरणाची फजिती झाली म्हणून लोकांनी पोट धरून हसावं असा रिवाज होता. पुढं सुधारणावाद्यांना तो पोरकट वाटला आणि मागं पडला. आमच्याकडं असा काही रिवाज नाही, आम्ही प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं, 1852 साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेव्हापासून शिस्तीत वाढलेली. तरी त्या पहाटे "प्रभू उठला आहे" असं पाळकसाहेब म्हणाले, आम्ही "खरोखर उठला आहे" असं उत्तर दिलं, आणि आत्या मामांच्या मातीच्या ढिगाऱ्याकडं बघून माझ्या कानात म्हणाली, "हे पण उठतील बघ. आणि उठल्या उठल्या विचारतील, एवढा उशीर का लावला?" हे बोलताना तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते तिनं पुसलं नाही आणि हसूही दाबलं नाही. तिला आता कुणाच्या बरं दिसण्याची फिकीर उरली नव्हती. निदान मला तरी तसं वाटलं. रात्री एकटी असताना ती काय करत असेल ते मला ठाऊक नाही, आणि विचारायचा माझा हक्कही नाही.

कबर लगेच बांधत नाहीत, माती बसायला एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो. दसऱ्यानंतर आत्या, तिचा मुलगा आणि मी दगडवाल्याकडं गेलो. करवतीचा कर्कश आवाज, पांढऱ्या धुळीनं माखलेली पोरं, भिंतीला टेकवलेले कोरे संगमरवर. वचन कुठलं घालायचं यावर घरात आठवडाभर वाद झाला होता. मुलगा म्हणाला होता, योहान 11:35 घाला, "येशू रडला", सगळ्यात लहान वचन, खर्च कमी. संडे स्कूलमध्ये पाठांतर चुकवायचं असलं की आम्ही सगळी पोरं तेच वचन सांगायचो. पण आत्याला "ख्रिस्तात निद्रिस्त" हवंच होतं. दगडवाल्यानं कागदावर अक्षरं मांडली, पेन्सिलीनं टिंबं देत मोजायला लागला.

"अक्षराला असा भाव हाय. काना-मात्रा धरत न्हाई. जोडाक्षराला दोन धरतो."

आत्यानं चष्मा वर केला. "म्हणजे ख्रिस्ताचं नाव सगळ्यात महाग?"

"तसं न्हवं आक्का, कोरायला येळ लागतोय..."

"माझ्या मालकांनी हे ऐकलं असतं तर तुमचं दुकान डोक्यावर घेतलं असतं."

दगडवाला कानामागची धूळ झटकत हसला. कागद पुन्हा जवळ ओढला, "ख्रिस्तात"वर एक गोल केला. "बरं, देवाच्या नावाला एकच धरतो."

"आणि ह्यांच्या नावाला?"

"त्याला पुरा भाव लागणार, आक्का."